व्हेगन, ग्लुटेन-फ्री बेकरीत जाण्याआधी: मुलुंडच्या आईला उत्तर

प्रश्न मुलुंडच्या एका आईचा आहे. मुलीला दुधाची ॲलर्जी अगदी तान्ही असल्यापासून आहे, आणि दोन महिन्यांपूर्वी सिलिॲकचंही निदान झालं, म्हणजे गहू-जवातलं ग्लुटेन हे प्रथिन तिच्या आतड्याला इजा करतं. सहावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आलाय. अंधेरीत ‘व्हेगन आणि ग्लुटेन-फ्री’ अशी पाटी असलेली एक बेकरी त्यांना सापडली आहे. त्या विचारतात, “तिथे डोळे झाकून जाऊ का? गेल्यावर नेमकं काय विचारू? सासूबाई म्हणतात, बाहेरचं कशाला, घरीच शिरा करू.”

आधी शिऱ्याचं सांगते, कारण ते तातडीचं आहे. शिरा नको. रवा म्हणजे गहूच, आणि शिऱ्यात तूप असतं, त्यावर पुढे येतेच. पण सासूबाईंना नाराज करू नका. घरात पदार्थ करणारी आजी असणं ही तुमच्या मुलीची मोठी जमेची बाजू आहे. त्यांच्यासाठी शेवटी एक पदार्थ सुचवते.

मी सोळा वर्षं बेकिंग करते. पहिली पाच एका हॉटेलच्या पेस्ट्री विभागात गेली. त्यानंतर पार्ल्यात माझं छोटं किचन आहे, तिथे गहू, दूध आणि अंडं दाराच्या आत येत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक लहान मुलांसाठी येतात, त्यामुळे तुमच्या प्रश्नातली धाकधूक मला नवी नाही.

तर, जा. जरूर जा. पण डोळे उघडे ठेवून, आणि पहिल्या खेपेला मुलीला बरोबर न नेता. काचेच्या कपाटासमोर सहा वर्षांची मुलगी उभी असली की तुम्हाला निवांत प्रश्न विचारता येत नाहीत, आणि ‘नको’ म्हणणं तर फारच जड जातं. शनिवारी संध्याकाळीही जाऊ नका. मधल्या वारी सकाळी अकराच्या सुमारास जा. तेव्हा माल नुकताच भट्टीतून निघालेला असतो, गर्दी नसते, आणि जी व्यक्ती प्रत्यक्ष केक करते ती बाहेर येऊन दोन मिनिटं बोलू शकते. तुम्हाला भेटायचंय ते तिलाच.

आता पाटीकडे वळू. पाटीवरचे दोन्ही शब्द पदार्थात काय घातलंय ते सांगतात. तो पदार्थ कुठल्या ओट्यावर, कुठल्या चाळणीने, कुणाच्या हातांनी झाला, हे त्या शब्दांत नसतं. तुमच्या मुलीसाठी हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

व्हेगन म्हणजे प्राण्यापासून मिळालेलं काहीही नाही. आपल्याकडे एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाने, २०२२ मध्ये व्हेगन पदार्थांचे वेगळे नियम केले, आणि पाकिटावर छापायला पान असलेलं हिरवं ‘व्ही’ चिन्हही आणलं. ते चांगलंच झालं. पण आपला लादीपाव घ्या: मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, चिमूट साखर, थोडं तेल. बहुतेक ठिकाणी तो व्हेगनच असतो, आणि ग्लुटेन त्यात ठासून भरलेलं असतं. उलट बाजूने बघा, ग्लुटेन-फ्री ब्राउनीत लोणी, अंडी, दुधाची पावडर सगळं सुखाने नांदत असतं. तुम्हाला एकाच पदार्थात दोन्ही हवंय. म्हणून पाटीवरचा ‘आणि’ तपासा. कित्येक ठिकाणी त्याचा अर्थ इतकाच असतो की काही पदार्थ व्हेगन आहेत, काही ग्लुटेन-फ्री आहेत, आणि दोन्ही एकत्र असलेले दोन-तीनच आहेत.

‘एगलेस’ या शब्दाबद्दलही बोलायला हवं, कारण मुंबईत नातेवाईक हटकून याच शब्दावर घसरतात. “अगं, एगलेस आणलाय, तिला चालेल!” एगलेस केकमध्ये अंड्याची जागा बहुतेक वेळा कंडेन्स्ड मिल्क किंवा दही घेतं. म्हणजे दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलीसाठी एगलेस केक साध्या केकपेक्षाही वाईट ठरू शकतो. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचंही तसंच. आपल्या नियमात दूध शाकाहारी आहे, त्यामुळे हिरवा ठिपका दुधाबद्दल काहीच सांगत नाही.

तुपाचं म्हणाल तर, तूप कढवताना दुधातली प्रथिनं बेरीत जातात, पण सगळीच जात नाहीत, अंश राहतो. ॲलर्जी प्रथिनांची असते. ए-टू गाईचं, घरी कढवलेलं, गावाहून आलेलं, कुठलंही तूप डॉक्टरांनी स्पष्ट ‘हो’ म्हटल्याशिवाय नको. शेळीचं दूधही नको, त्यातली प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक मुलांना तोच त्रास होतो. लॅक्टोज-फ्री दुधात फक्त साखर बदललेली असते, प्रथिनं जशीच्या तशी. आणि ‘नॉन-डेअरी’ हा शब्द तर मला सगळ्यात धोकादायक वाटतो. केकवर जी पांढरीशुभ्र व्हीप क्रीम लावतात ती वनस्पती तेलाची असते, खोक्यावर ‘नॉन-डेअरी’ लिहिलेलं असतं, बेकरीवाला अगदी प्रामाणिकपणे सांगतो की दूध नाही. खोकं फिरवून घटक वाचा. यातल्या अनेक क्रीममध्ये सोडियम केसिनेट असतं. ते दुधाचंच प्रथिन आहे. बेकरीत गेल्यावर “क्रीमचं खोकं दाखवाल का?” एवढं तरी नक्की विचारा. चॉकलेटचंही तेच. गडद रंगाचं म्हणजे बिनदुधाचं असं नसतं. कंपाउंड, म्हणजे बेकरीत वापरतात त्या स्वस्त चॉकलेटच्या कित्येक लाद्यांमध्ये दुधाची पावडर असते.

हे झालं घटकांचं. आता ओटा.

ग्लुटेन-फ्री म्हणवायला आपल्या नियमात मर्यादा आहे: एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको. जगातल्या बऱ्याच देशांत हीच मर्यादा आहे. आकडा ऐकून काही कळत नाही, म्हणून मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना काटा मांडून दाखवते. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा माझ्याकडे आहे. त्यावर मैद्याची चिमूट टाकायची. पाव ग्रॅम भरते, कधी थोडी जास्त. मैद्यात साधारण ८ ते १० टक्के ग्लुटेन असतं, म्हणजे त्या चिमटीत २० ते २५ मिलिग्रॅम. अख्ख्या एक किलोच्या केकला तेवढ्यातच मर्यादा गाठली गेली! आता नेहमीच्या बेकरीचा ओटा डोळ्यांसमोर आणा. पाव लाटायला भुरभुरलेला मैदा, चाळणीच्या जाळीत अडकलेला मैदा, पोत्याचं तोंड उघडलं की उठणारा धुरळा. तो धुरळा लगेच बसत नाही, हवेत तरंगत राहतो आणि मग सावकाश शेजारच्या भांड्यात उतरतो. चिमूट कुठून आली, कुणाला कळतही नाही.

म्हणून पहिला प्रश्न हाच: “गव्हाचं पीठ या किचनमध्ये येतं का?” उत्तर ‘अजिबात नाही’ असेल तर अर्धी लढाई झाली. ‘येतं, पण आम्ही वेगळं करतो’ असं असेल तर पुढे खोदा. वेगळी खोली आहे का? ओव्हन तोच आहे का? आतला पंखा फिरणारा ओव्हन असेल तर तो पिठाचे कण सगळीकडे उडवतो. चाळण्या, लाटणी, लाकडी पळ्या, बीटर वेगळे आहेत का? चाळणी आणि लाकूड कितीही घासलं तरी पूर्ण निघत नाही. काही जण सांगतात की सकाळी आधी ग्लुटेन-फ्री करतो, मग गव्हाचं. आदल्या रात्री नीट धुऊन-पुसून ठेवलं असेल, भांडी वेगळी असतील, तर ज्यांना गहू फक्त मानवत नाही अशांना हे चालून जातं. सिलिॲक असलेल्या मुलीसाठी मी ते घेणार नाही. माझं मत काहींना कडक वाटतं, पण त्या मुलीच्या आतड्यांना मैदा किती चुकून पडला याच्याशी घेणंदेणं नसतं.

प्रश्न विचारण्याची पद्धतही सांगते. “हे सेफ आहे ना?” असं कधीच विचारू नका. काउंटरवरचा मुलगा “हो मॅडम, शंभर टक्के” म्हणणार. तो खोटं बोलत नसतो, त्याला तसं सांगायलाच शिकवलेलं असतं. असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही. “ज्वारीचं पीठ कुठून घेता?” “बेकिंग पावडर कुठली?” “दुधाऐवजी काय घालता?” ज्याला माहीत आहे तो खुलून बोलतो, आतून पाकीट आणून हातात देतो. ज्याला माहीत नाही तो चिडतो किंवा हसून विषय बदलतो. माझ्याकडे कुणी असे प्रश्न विचारले की मला बरं वाटतं, आणि चांगल्या बेकरला तसंच वाटायला हवं. त्यामुळे संकोच बिलकूल करू नका.

पिठाच्या प्रश्नावर मी मुद्दाम भर देते. बाजरी, नाचणी, राजगिरा, वरई, शिंगाडा, तांदूळ, ज्वारी या सगळ्यांत मुळात ग्लुटेन नसतंच. आपल्या उपासाच्या डब्यातली सगळी पिठं तुमच्या मुलीची आहेत! प्रश्न दळणाचा आहे. कोपऱ्यावरच्या गिरणीत दिवसभर गहू चालतो. तुम्ही ज्वारी नेली की त्याच जात्यातून, त्याच कापडी नळीतून ती येते. उपासाचं दळण नेताना आपण “गव्हावर दळू नका” म्हणतो, तेवढं उपासाला पुरतं. इथे पुरत नाही. चांगली बेकरी एक तर ग्लुटेन तपासून पॅक केलेलं पीठ घेते किंवा धान्य निवडून, धुऊन, वाळवून स्वतःच्या घरघंटीत दळते, जिच्यात गहू कधीच पडलेला नसतो. मी हे दुसरं करते. निवडताना ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात, अगदी नियमाने. मागच्याच आठवड्यात पाच किलोंत अकरा दाणे निघाले, ते मी एका वाटीत काढून ठेवले आणि नवीन आलेल्या मुलीला दाखवले.

घरासाठीही हाच नियम. तिचं पीठ गिरणीतून आणू नका. आणि दुकानात ‘नाचणी बिस्किट’, ‘मल्टिग्रेन’ असं लिहिलेलं दिसलं की मागची बाजू वाचा, बहुतेकांत पहिला घटक मैदा किंवा गव्हाचं पीठच असतो. खपली गहू हा गहूच. जवातही ग्लुटेन असतं, आणि सातूचं पीठ, थालीपिठाची तयार भाजणी यांत बहुधा गहू किंवा जव असतोच. ओट्सचं म्हणाल तर, शेतात आणि गिरणीत ते गव्हाच्या संगतीत असतात, त्यामुळे ग्लुटेन-फ्री छापलेले असतील तरच, आणि तेही डॉक्टरांना विचारून. भाजल्याने, आंबवल्याने ग्लुटेन नाहीसं होत नाही. साध्या गव्हाचा सावरडो पाव ‘पचायला हलका’ म्हणून कुणी पुढे केला तर नम्रपणे नको म्हणा.

माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण ती कुणाकडूनही होऊ शकते. किचन सुरू करून दुसरंच वर्ष होतं. ज्वारी आणि तिळाची खारी चपटी बिस्किटं मी करायचे, ओवा आणि हिंग घालून, आणि ती खूप खपायची. ठाण्याची एक कॉलेजातली मुलगी, सिलिॲक असलेली, दर पंधरवड्याला न्यायची. एकदा तिचा फोन आला की तिला तीन-चार वेळा त्रास झाला, आणि प्रत्येक वेळी आदल्या दिवशी हीच बिस्किटं खाल्ली होती. मी सगळी पिठं तपासली, काही सापडेना. मग एकेक डबी घेऊन ओट्यावर मांडली आणि हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचली. बाजारातला नेहमीचा हिंग बांधणीचा असतो, त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि माझ्या डबीत ते पीठ गव्हाचं होतं. किचनमध्ये गहू येत नाही असं मी सगळ्यांना सांगत होते आणि तो हिंगातून येत होता. मी त्या महिन्यातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं. त्या मुलीने मला माफ केलं, आजही ती येते. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक नवीन पाकिटाचा घटकांचा फोटो काढून तारखेसह ठेवायचा नियम आहे, मीठ-सोड्यापर्यंत. तुम्ही ज्या बेकरीत जाल तिथे असं काही ठेवतात का, विचारून बघा. आणि घरचा हिंग आजच बघा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो.

बोलणं चालू असताना डोळे फिरवा. चिमटा एकच आहे आणि तो क्रोसाँवरून ब्राउनीवर जातोय का? ग्लुटेन-फ्री माल वरच्या फळीवर आहे की खालच्या? वर गव्हाची बिस्किटं असली तर चुरा खालीच पडणार. पेटीत भरताना हात धुतात, हातमोजे बदलतात? त्याच सुरीने सगळे केक कापतात? मला काउंटरवर पाच मिनिटं उभं राहिलं की जेवढं कळतं तेवढं पाटी वाचून कधीच कळत नाही.

कागदोपत्री दोन गोष्टी बघून घ्या. एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर दुकानात लावलेला आणि बिलावर छापलेला असायला हवा, घरून करणाऱ्यांकडेही नोंदणी हवी. आणि पॅक केलेल्या पदार्थावर ॲलर्जीच्या घटकांची वेगळी ओळ असावी लागते. आपल्या २०२० च्या लेबलच्या नियमांत ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले जीव आणि ठरावीक प्रमाणापुढचं सल्फाइट (पदार्थ टिकवायला घालतात ते रसायन) एवढे येतात. तीळ त्यात नाहीत. तिळाची ॲलर्जी असलेल्यांनी म्हणूनच घटकांची पूर्ण यादी वाचायला हवी. ‘अंश असू शकतो’ अशी ओळ दिसली तर ती गांभीर्याने घ्या. ओळ दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

एक गोष्ट तुमच्या मुलीपुरती नाही, पण वाढदिवसाला येणाऱ्या मुलांसाठी महत्त्वाची आहे. व्हेगन बेकिंगमध्ये काजूची क्रीम, बदामाचं दूध, बदामाचं पीठ आणि सोया भरपूर वापरतात. म्हणून सुकामेव्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला व्हेगन बेकरी ही नेहमीच्या बेकरीपेक्षा जास्त जोखमीची असू शकते. आमंत्रण देतानाच पालकांना विचारून घ्या. तुम्हाला हे विचारणारं कुणीतरी असावं असं वाटलं असेलच ना कधी?

तर बेकरी पसंत पडली. आता लगेच दोन किलोची ऑर्डर देऊ नका. वाढदिवसाला ज्या चवीचा, ज्या क्रीमचा केक हवाय तोच छोटा कपकेक आधी घ्या. तिला तो घरी, दिवसाउजेडी, ती पूर्ण बरी असताना, डॉक्टरांनी दिलेली औषधं हाताशी ठेवून द्या. दुधाची ॲलर्जी असेल तर त्रास सहसा काही मिनिटांपासून दोन तासांत दिसतो: अंगावर गांधी, ओठ-पापण्या सुजणं, उलट्या, खोकला, श्वासाला घरघर. श्वासाला त्रास होतोय किंवा मूल मलूल पडतंय असं दिसलं तर डॉक्टरांनी अॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलेलं असल्यास तेच आधी, आणि १०८ ला फोन. ॲलर्जीचं नेहमीचं सिरप त्याची जागा घेऊ शकत नाही. तुमच्याकडे डॉक्टरांनी लिहून दिलेली अशी सूचनांची चिठ्ठी नसेल तर वाढदिवसाआधी ती घ्या, केकच्या ऑर्डरइतकंच ते जरुरीचं आहे.

पण हा चाचणीचा कपकेक ग्लुटेनबद्दल काही सिद्ध करत नाही, हे लक्षात असू द्या. सिलिॲकमध्ये पुष्कळ मुलांना थोड्या ग्लुटेनने वरून काहीच दिसत नाही, आत मात्र आतड्याला इजा होत राहते. “खाल्लं, काही झालं नाही, म्हणजे चालतं” हे वाक्य दूर ठेवा. ग्लुटेनसाठी ओटा आणि पिठाची खात्री, आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा रक्ताची तपासणी, हाच मार्ग. ओघात आणखी एक: घरात आता सगळ्यांचाच गहू बंद करायचा विचार असेल तर त्याआधी तुमची, तिच्या बाबांची आणि भावंडांची तपासणी करायची का ते डॉक्टरांना विचारा. गहू बंद केल्यावर ती तपासणी फसते.

ऑर्डर देताना तिच्या दोन्ही गोष्टी लिहून द्या, व्हॉट्सॲपवर का होईना, आणि बेकरीकडूनही लेखी उत्तर घ्या. केकवर लावायच्या रंगीत गोळ्या, सोनेरी फवारा, फाँडंटची, म्हणजे साखरेच्या लगद्याची बाहुली यांचं वेगळं विचारा, कारण ही सजावट बहुधा बाहेरून येते आणि बेकरच्या यादीत ती नसते. बाहुली हवीच असेल तर केकवर न चिकटणारी, धुतलेली प्लास्टिकची ठेवा, मुलांना तीच जास्त आवडते. केक स्वतः जाऊन आणा. मुलुंडपर्यंत वाटेत पेटी दुसऱ्या सामानाबरोबर जायला नको.

वाढदिवसाच्या दिवशी सगळ्यांसाठी हाच एक केक असू द्या. तिच्यासाठी वेगळा छोटा आणि बाकीच्यांसाठी मोठा क्रीमचा, असं केलं की सुरी इकडून तिकडे जाणारच, आणि तिला स्वतःच्याच वाढदिवशी बाजूला बसल्यासारखं वाटतं. सुरी नवी घ्या. पहिला तुकडा तिचा. वेफर्स, समोसे ठेवायचेच असतील तर दुसऱ्या टेबलावर, आणि छोट्यांचे हात पुसायला एक मावशी किंवा आत्या तिथे नेमून ठेवा. क्रीमचे हात फ्रॉकला, फुग्याला, सगळीकडे लागतात.

चवीबद्दल थोडं. पहिला घास घेतला की काहींना केक जरा ओलसर, जरा दाट वाटतो. गव्हाच्या केकची जाळी ग्लुटेन धरून ठेवतं. इथे ते काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं. ज्वारीची भाकरी करताना तुम्ही कढत पाणी का घालता? पिठातला स्टार्च फुलतो, चिकटपणा येतो आणि भाकरी थापता येते. उकड काढली तर आणखी छान. माझे केक त्याच तत्त्वावर उभे आहेत. थोड्या पिठाची नारळाच्या दुधात उकड काढते, गार करते, मग बाकीच्या पिठात मिसळते. जोडीला भिजवलेलं इसबगोल, आणि अंड्याच्या जागी जवसाची पूड, एक चमचा पुडीला तीन चमचे पाणी, दहा मिनिटांत ती कच्च्या अंड्यासारखी तार धरते. काबुली चणे शिजवलेलं पाणी फेटलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो, ती युक्ती २०१४-१५ च्या सुमारास जगभर पसरली आणि आमच्यासारख्यांचं मोठं काम झालं. त्या बेकरीत असं काही करत असतील तर जरूर विचारा, सांगणाऱ्याचा चेहरा उजळतो.

आणि हा केक फ्रिजमध्ये ठेवू नका, क्रीममुळे ठेवावाच लागला तर कापायच्या तासभर आधी बाहेर काढा. शिळा भात फ्रिजमध्ये कडक होतो त्याच कारणाने हा केकही कडक होतो. उरला तर तुकडे करून, बटर पेपरमध्ये गुंडाळून सरळ डीप फ्रीझरमध्ये टाका. शाळेत कुणाचा वाढदिवस असला की त्यातला एक तुकडा सकाळी डब्यात द्यायचा, मधल्या सुट्टीपर्यंत तो मऊ होतो. वर्गातल्या बाईंकडे असा खाऊ आधीच देऊन ठेवणाऱ्या आया मला माहीत आहेत, आणि त्यांच्या मुली ‘मला चालत नाही’ म्हणत कोपऱ्यात उभ्या राहत नाहीत.

आता सासूबाईंसाठी. त्यांना सांदण करायला सांगा. कोकणातला हा पदार्थ जन्मतःच बिनगव्हाचा, बिनदुधाचा, बिनअंड्याचा केक आहे. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, किंचित भाजून मिक्सरमध्ये रवा काढायचा, पण त्या भांड्यात गव्हाचं काही कधी वाटलेलं नको. एक वाटी रव्याला एक वाटी आंब्याचा किंवा बरक्या फणसाचा रस, एक वाटी नारळाचं दूध, पाऊण वाटी चिरलेला गूळ, चिमूट मीठ. दोन-तीन तास भिजू द्यायचं, रवा फुगला की अंदाज घेऊन अजून थोडं नारळाचं दूध घालायचं, अगदी शेवटी पाव चमचा सोडा. ताटलीला तुपाऐवजी खोबरेल लावायचं आणि वीस-पंचवीस मिनिटं वाफवायचं. आंबा नसेल त्या दिवसांत काकडी किसून तवसोळी होते, तीही अशीच, आणि काकडीला पाणी सुटतं म्हणून नारळाचं दूध कमी. सांदण गोल ताटलीत केलं, वर ओलं खोबरं आणि मधोमध मेणबत्ती, की दोन किलोची ऑर्डर एका किलोवर येते, आणि बेकरीचा केक कापायच्या आधी आजीचा केक कापता येतो.